जालन्याचं मैदान अन् बुलढाण्याची आस

डिसेंबर २०१८ चे दिवस आठवा. पावसाने पार दगा दिलेला. ऑक्टोबरच्या अखेरीस शासनाने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्या जिल्ह्यातले तालुकेही आले. आदल्या वर्षी म्हणजे २०१७ च्या खरिपात कपाशी गुलाबी बोंडअळीने खाल्ली होती, अन् औंदा पाण्यावाचून गेली. मोसंबीवाल्यांची झोप उडालेली. पारावर चार माणसं बसली की बोलणं एकच. कडबा काय भावाने मिळतो, बोअर किती तास चालतो, टँकर कधी लागणार.

अशात एका सकाळी पारावरचा विषय बदलला. महाराष्ट्र केसरीची कुस्ती जालन्याला होणार, आझाद मैदानावर!

ज्यांना कुस्तीचं वेड नाही त्यांना यातली गंमत लवकर कळायची नाही. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची ही स्पर्धा १९६१ साली सुरू झाली, अन् पहिली झाली ती आपल्या शेजारी, औरंगाबादला. दिनकर दह्यारी पहिला महाराष्ट्र केसरी ठरला. तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यातलाच एक तालुका होता. वेगळा जिल्हा झाला १९८१ साली. म्हणजे ज्या मातीत या किताबाची सुरुवात झाली तिथं तो फिरून आला, असंच जुन्या माणसांना वाटत होतं. मधल्या काळात किताबाची वाट बहुतेक कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे अशीच राहिली. मराठवाड्याचं नाव कधीमधी निघायचं. बीडच्या सईद चाऊसने गदा आणली तेव्हा इकडच्या तालमींत गुलाल उधळला गेला, तो पुष्कळांना अजून आठवतो.

कुस्ती पाहायला माणूस दोन कारणांनी जातो. एक, चांगली कुस्ती बघायची म्हणून. दुसरं, आपला माणूस लढतोय म्हणून. जालन्यात त्या वर्षी दोन्ही कारणं एकाच रात्री जुळून आली. अंतिम लढत ठरली ती पुण्याचा अभिजित कटके विरुद्ध बुलढाण्याचा बाला रफिक शेख. तारीख २३ डिसेंबर, वार रविवार.

आता बुलढाणा काही जालना नव्हे, हे कबूल. सरकारी कागदावर तो विदर्भ अन् आपण मराठवाडा. पण भोकरदन, जाफराबादच्या माणसाला विचारून बघा. शिवेपलीकडे देऊळगाव राजा, सिंदखेडराजा. सोयरिकी तिकडच्या, बैलबाजार तिकडचा, बालाजीच्या जत्रेला जायचं तिकडंच. जिजाऊंचं जन्मगाव जालन्याहून तासाभराच्या वाटेवर. त्यामुळे 'बुलढाण्याचा पैलवान' असं लाऊडस्पीकरवर पुकारलं की आपल्याकडचा माणूस मान वर करणारच. मैदान जालन्याचं, पैलवान शेजारचा, अन् समोर पुणं. एवढं पुरे होतं.

समोर कोण होतं?

इथं जरा थांबून हिशोब मांडला पाहिजे. नाहीतर त्या रात्रीची धाकधूक कशाची होती ते कळायचं नाही.

अभिजित कटके म्हणजे पुण्याच्या शिवरामदादा तालमीचा पठ्ठ्या. २०१६ साली वारज्याला तो अंतिम फेरीत होता. तेव्हा जळगावच्या विजय चौधरीने त्याला हरवून सलग तिसऱ्यांदा गदा नेली. दुसऱ्या वर्षी, २०१७ ला, मुळशी तालुक्यात भूगावला अभिजित पुन्हा अंतिम फेरीत आला अन् साताऱ्याच्या किरण भगतला हरवून महाराष्ट्र केसरी झाला. जालन्याची ही त्याची लागोपाठ तिसरी अंतिम लढत. गदा त्याच्याच घरी होती, ती दुसऱ्यांदा न्यायला तो आला होता. अंगाने धिप्पाड, गादीवरचा सराव पक्का, अन् मोठ्या मैदानाची सवय झालेली.

बाला रफिक मूळचा सोलापूर जिल्ह्यातला, करमाळा तालुक्यातल्या खडकी गावचा. कोल्हापूरला न्यू मोतीबाग तालमीत हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली घडलेला. आंदळकर आबा म्हणजे केवढं नाव! १९६० चे हिंदकेसरी, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक, १९६४ ला टोकियो ऑलिंपिकला गेलेले. जालन्याच्या कुस्त्यांच्या आधी तीन महिने, सप्टेंबर २०१८ मध्ये, आबा वारले. त्यामुळे पोरगा मैदानात उतरला तो वस्ताद गमावून. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम फेरीत त्याची ही पहिलीच वेळ.

म्हणजे एका बाजूला तिसरी अंतिम लढत खेळणारा गतविजेता, दुसऱ्या बाजूला पहिल्यांदा तिथं पोहोचलेला. शहाण्या माणसाने कुणाचं पारडं जड धरावं हे सांगायला नको. पारावरच्या जाणत्यांचंही तेच म्हणणं पडलं. अभिजित हरायचा नाही. फार तर कुस्ती लांबेल.

माती की गादी

पण खरी चर्चा रंगली ती मातीवर अन् गादीवर.

ज्यांनी महाराष्ट्र केसरी जवळून बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. किताबाच्या गटात ८६ ते १२५ किलो वजनाचे पैलवान असतात. कुस्त्या दोन विभागांत होतात, माती विभाग अन् गादी विभाग. मातीतला विजेता अन् गादीवरचा विजेता यांची शेवटी गाठ पडते, ती गादीवर. बाला रफिक मातीतून वर आला होता, अभिजित गादीवरून. म्हणजे अंतिम लढत अभिजितच्या अंगणात.

शेतकऱ्याला हे समजवायला फार कष्ट नकोत. काळ्या रानात नांगर धरणाऱ्याला एकदम मुरमाड माळावर उभं केलं तर त्याला हात बसायला वेळ लागतोच. तालमीच्या हौद्यातली लाल माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली असते. तिच्यात पाय रुततो. अनवाणी पैलवान रेटा देतो तेव्हा मातीच त्याला आधार देते. घामाने अंग निसरडं झालं की चिमूटभर माती अंगाला लावायची अन् पकड घ्यायची. तिथं घाई नसते. जुन्या मैदानांत तर अर्धा-अर्धा तास खडाखडी चालायची, अन् लोक उन्हात डोक्यावर टॉवेल टाकून बसून राहायचे.

गादीचं गणित निराळं. पायात बूट, खाली रबरी गादी, भोवती नऊ मीटरचं वर्तुळ. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे अर्धा मिनिट विश्रांती. समोरच्याला खाली आणून ताबा घेतला की दोन गुण. पाठ गादीकडे वळवली की दोन, झोकात उचलून टाकला तर चार. रेटत वर्तुळाबाहेर काढला तर एक. नुसतं अंग चोरून उभं राहिलं तर पंच ताकीद देतो, अन् त्यावरून समोरच्याला गुण जातो. दहा गुणांचं अंतर पडलं की वेळ शिल्लक असली तरी कुस्ती तिथंच संपते. चितपट झाली तर प्रश्नच मिटला.

मातीतल्या पैलवानाची अडचण होते ती त्या वर्तुळाशी. तालमीत मागे सरकणं हा डावाचा भाग असतो. समोरच्याला अंगावर घ्यायचा, जोर खर्चू द्यायचा, मग पट काढायचा किंवा ढाकेवर घ्यायचा. गादीवर तेच मागे सरकणं गुण घालवतं. म्हणून लोक काळजीत होते. कोणी म्हणे, बालाने पहिल्या मिनिटातच अंगावर जावं. कोणी म्हणे, छे, पहिली फेरी राखावी, अभिजितचा दम बघावा अन् दुसऱ्या फेरीत खेळावं. एक म्हातारबा मात्र ठाम होते. त्यांचं म्हणणं एवढंच की ज्याने मातीत अंग मळलंय त्याच्या मानेत जो जोर असतो तो गादीवाल्याच्या मानेत नसतो, अन् कुस्ती शेवटी मानेवर येते. यावर तरण्या पोरांनी मोबाईलवर अभिजितच्या जुन्या कुस्त्या काढून दाखवल्या. म्हातारबांनी चष्मा लावून त्या निगुतीने बघितल्या अन् मोबाईल परत दिला. मत काही बदललं नाही.

असल्या वादात रात्र निघून जाते. दुष्काळात एवढी एक गोष्ट फुकट मिळाली.

खेळ कुठलाही असो, माणूस तोच

हे वेड कुस्तीपुरतंच नाही, हेही सांगितलं पाहिजे. कोल्हापूरला जाऊन बघा. तिथं पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम ही नावं ऐकली की आपल्याला लाल माती अन् जोर-बैठका आठवतात. पण तिथं ही नावं फुटबॉलच्या संघांची आहेत! पेठेतल्या तालमींनीच फुटबॉल उचलला अन् जोपासला. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ रिकामी होते. बाद पद्धतीच्या स्पर्धेत लहान संघाची गाठ दांडग्या संघाशी पडली की आदल्या रात्री कट्ट्यावर जे बोलणं चालतं ते आपल्या पारावरच्या बोलण्याहून वेगळं नसतं. त्यांचा गोलकीपर टिकला तर बघा. पहिली पंधरा मिनिटं निघाली तर बघा.

गोव्यात २०२५ साली असंच झालं. आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत एफसी गोवा अन् सौदी अरेबियाचा अल नासर एका गटात आले. अल नासर म्हणजे ज्या क्लबात रोनाल्डो खेळतो तो. त्यांच्या एकेका खेळाडूच्या पगारात इकडचा अख्खा संघ उभा राहील. रोनाल्डो येणार की नाही यावर महिनाभर चर्चा झाली. २२ ऑक्टोबरला फातोर्डाला सामना झाला तेव्हा तो आलाच नाही. सत्तावीस मिनिटांत पाहुण्यांनी दोन गोल केले. आता किती होणार एवढाच प्रश्न उरला असं वाटत असताना गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसने एक गोल परतवला. सामना २-१ ने गेला. हरले, पण त्या गोलाची गोष्ट तिथं बरीच वर्षं निघत राहील.

सांगायचा मुद्दा, दुबळ्याच्या बाजूने बसणारा माणूस वेडा नसतो. त्याला हिशोब येतो. दहा कुस्त्या लावल्या तर आठ जातील हे त्याला ठाऊक असतं. तो त्या उरलेल्या दोनांसाठी येतो. आपण कोरडवाहूवाले दरसाल मृगात तेच करतो की. मागच्या चार सालांचा अनुभव बघून पेरायचं ठरवलं तर तिफण बाहेरच निघायची नाही.

तो रविवार

मैदानाला जायचं म्हणून त्या दिवशी गावोगावी दुपारीच धारा काढून झाल्या. जीपा, टेम्पो, मोटारसायकली, ज्याला जे मिळालं त्याने तो निघाला. फेटे बाहेर आले. ज्या घरात लग्नाशिवाय फेटा निघत नाही तिथलाही निघाला. म्हाताऱ्यांनी नातवांना बरोबर घेतलं. नातवाला कुस्ती कळत नसली तरी गदा तरी बघेल. मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ दिली जाणारी ती चांदीची गदा. ती खांद्यावर घेतलेल्या पैलवानाचा फोटो घराच्या भिंतीवर लागावा असं स्वप्न इकडच्या किती आयांनी पाहिलं असेल, त्याची मोजदाद नाही.

आझाद मैदानावर हलगी कडाडत होती. हलगीचा एक गुण आहे. ती वाजायला लागली की पोटातली भीती अन् आनंद एकमेकांत मिसळून जातात, कुठलं काय ते कळत नाही. अभिजितचं नाव पुकारलं गेलं की पुण्याकडून आलेली मंडळी उठत. बालाचं नाव निघालं की बाकीचं मैदान उठे. त्यात बुलढाण्याचे, सोलापूरकडचे होतेच, पण ज्यांचा त्या पोराशी संबंध एवढाच की तो समोरच्यापेक्षा लहान धरला गेला होता, असेही पुष्कळ होते. लढतीआधीची दहा मिनिटं सगळ्यात वाईट. तोवर बोलायला सुचतं, मग कुणालाच काही सुचत नाही. शेजारचा तंबाखू पुढे करतो, आपण घेतो अन् मळायचं विसरतो.

सलामी झाली, हात मिळाले, अन् बघता बघता गुण बालाच्या नावावर चढत गेले. गादीवरचा राजा म्हणून ज्याची धास्ती घेतली होती त्याच्यावर गादीवरच पोराने कुस्ती केली. निकाल लागला ११-३.

आकडा नीट बघा. आठ गुणांचं अंतर. आणखी दोन गुण झाले असते तर पंचांनी वेळेआधीच हात वर केला असता. ज्याच्याबद्दल 'फार तर कुस्ती लांबेल' असं बोललं गेलं त्याने गतविजेत्याला कुठं वाव ठेवला नाही. बालाने हे यश आंदळकर आबांना वाहिलं. मातीच्या मानेवर भरवसा ठेवणारे ते म्हातारबा पुढे कितीतरी दिवस पारावर थोडे ताठ बसत होते, ते वेगळंच.

अभिजितबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. हरलेल्याला विसरणं ही आपली वाईट खोड. त्याने पुढे मेहनत सोडली नाही, २०२३ च्या जानेवारीत तो हिंदकेसरी झाला. समोर असा पैलवान होता म्हणून तर ११-३ ला किंमत.

आपला म्हणजे कोणाचा?

आता जरा कडू बोलायचं आहे, वाचकांनी राग मानू नये.

ज्याला आपण शेजारचा म्हणून डोक्यावर घेतला तो पोरगा करमाळ्याचा. घडला कोल्हापुरात, पुढे सराव केला पुण्याच्या हनुमान आखाड्यात. नाव बुलढाण्याचं लावलं होतं एवढंच. म्हणजे 'पुणे विरुद्ध बुलढाणा' म्हणून आपण ज्या कुस्तीवर जीव टांगला त्यातले दोघेही पुण्यातच घाम गाळणारे. यात पैलवानाचा दोष काडीचा नाही. मोठ्या जिल्ह्यात निवडीला एका जागेसाठी दहा तगडे पैलवान असतात, म्हणून काही जण दुसऱ्या जिल्ह्याकडून उतरतात. जानेवारी २०२३ ला पुण्यात शिवराज राक्षेने किताब जिंकला तो नांदेडच्या नावावर, पण गडी राजगुरुनगरचा. मराठवाड्यात गदा आली म्हणून आपण पेढे वाटायचे, अन् गदा बसायची खेड तालुक्यात.

उलटंही बघा. जानेवारी २०२० ला बालेवाडीच्या अंतिम लढतीत ना अभिजित होता ना बाला. नाशिकचा हर्षवर्धन सदगीर अन् लातूरचा शैलेश शेळके लढले, सदगीर ३-२ असा निसटता जिंकला. शैलेश आपल्या मराठवाड्याचा. पण दोघेही पठ्ठे काका पवारांचे, तालीम पुण्यात कात्रजला. अन् काका पवार स्वतः मूळचे लातूर जिल्ह्यातले, अर्जुन पुरस्कार मिळवलेले. म्हणजे आपल्याकडे पोरं आहेत, वस्तादही आपल्यातून निघतात. नाही ती त्यांना इथं ठेवून घेण्याची सोय.

सोय म्हणजे काय, तर आधी खुराक. कुस्ती करणाऱ्या पोराला रोज दोन-तीन लिटर दूध, तूप, बदामाची थंडाई, फळं, अंडी, मटण लागतं. घरची एक म्हैस त्याच्या एकट्यासाठी राखावी लागते. दुष्काळात पहिली विकली जाते ती हीच म्हैस. म्हैस गेली की पोरगा तालमीतून घरी येतो अन् मग कंपनीत कामाला लागतो. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या तेव्हा आपण झाडं मोजली, भरपाईचे अर्ज भरले. तालमीतून किती पोरं उठली ती कुणी मोजली नाहीत.

दुसरं, जागा. आपला जिल्हा समर्थ रामदासांचा. जांब आपल्या घनसावंगी तालुक्यात. समर्थांनी गावोगाव मारुती बसवले, बळ कमवा म्हणून सांगितलं. मारुती अजून प्रत्येक गावात आहे, पण त्याच्यापुढचा हौदा कुठं बुजला, कुठं तिथं सभामंडप झाला, कुठं तालमीच्या खोलीत खताच्या गोण्या अन् निवडणुकीचे बोर्ड ठेवलेत. सरपंच, ग्रामसेवक मंडळी हे पान वाचतात म्हणून लिहितो. क्रीडा खात्याची व्यायामशाळेसाठी अनुदानाची योजना आहे. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन चालू वर्षाच्या अटी, कागदपत्रं अन् अर्जाची मुदत विचारून घ्यावी. जागेचा सातबारा किंवा आठ-अ नीट नसला की प्रकरण अडतं, तेव्हा ते आधी बघावं. एक मात्र सांभाळा. व्यायामशाळा म्हटलं की लोखंडी मशीन येतात अन् हौद्याचा विषय मागे पडतो. मशीनवर दंड फुगतात, कुस्ती येत नाही. अन् आता हौद्याबरोबर एक गादीही हवी. बाला मातीतून वर आला खरा, पण गदा त्याने गादीवर घेतली. खेड्यातल्या पोराला अठराव्या वर्षी पहिल्यांदा गादी दिसत असेल तर तो वर्तुळाबाहेरच जायचा.

तिसरं जत्रा. जत्रेतली रेवडीची कुस्ती बंद पाडू नका. दहा वर्षांचं पोरगं दहा रुपये अन् नारळ जिंकून घरी येतं, तिथून सगळं सुरू होतं. हल्ली जत्रा कमिट्या निम्मा पैसा एका मोठ्या जोडीवर घालतात. बाहेरून नावाजलेले दोन पैलवान आणायचे, बक्षीस मोठं, फ्लेक्स मोठा. अन् पुष्कळदा ती कुस्ती बरोबरीत सोडवली जाते, लोक शिव्या देत घरी जातात. त्या पैशात पंचक्रोशीतल्या पोरांच्या पंचवीस जोडी लागतील, अन् त्या निकाली होतील. मोठी जोड लावू नका असं माझं म्हणणं नाही. ती बघायलाच तर पाहुणे येतात. पण आधी गावची पोरं लढू द्या, दिवस मावळता मोठी कुस्ती लावा.

आमच्या गावात गेल्या जत्रेला तसं करून बघितलं. बंद पडलेल्या हौद्यात दोन ट्रॉली माती टाकली, गावातल्या बायांनी ताक दिलं, मोंढ्यातल्या एका दुकानदाराने हळद अन् तेल दिलं. दोन निवृत्त पैलवान, एकाचं वय साठ तर दुसऱ्याचे गुडघे गेलेले, रोज पहाटे पोरांना उठवतात. पंधरा-सोळा पोरं येतात. त्यात एक पोरगी आहे. बाप सुरुवातीला नाही म्हणत होता, आता स्वतः सायकलवर सोडायला येतो. जत्रेत तिच्या वजनाची जोड आपल्याकडे मिळेना, तेव्हा देऊळगाव राजाकडून एक पोरगी बोलावली. ती चांगली दोन वर्षांनी मोठी, गादीवर सराव केलेली, जिल्ह्याला खेळून आलेली. आमची हरणार हे सगळ्या गावाला माहीत होतं. तरी आदल्या रात्री पारावर त्या कुस्तीवर दोन तास बोलणं चाललं, अन् सकाळी त्याच कुस्तीला सगळ्यात जास्त माणूस होता.

दुसऱ्या मिनिटाला आमची चितपट झाली. उठली, अंगाची माती झटकली, समोरच्या पोरीला हात दिला अन् वस्तादाकडे जाऊन विचारलं, तिने हात कुठून घातला ते परत दाखवा. पुढल्या जत्रेला तीच जोड पुन्हा लावायचं ठरलंय. बुलढाण्याकडच्या मंडळींनी होकार कळवला आहे.